तिघांना सांगितलेली एकच थाप

मी कोंबड्यांच्या खाद्यात पडणारा चुना विकायचो. शिंपल्यांचा चुरा, चुनखडीची भुकटी, जोडीला सुकी मासळी. अंडी देणाऱ्या कोंबडीला चुना कमी पडला की कवच पातळ होतं आणि अंडं ट्रकमध्येच फुटतं. शाळा नववीत सुटली, पोती पाठीवर वाहून सुरुवात केली, आणि आर्थिक खुलीकरणाच्या वर्षांत हैदराबादभोवती खाद्याचे नवे कारखाने उठले तेव्हा दिलसुखनगरच्या पुढे स्वतःचं गोदाम बांधलं.

त्याच सुमारास एका ड्रायव्हरने किनाऱ्यावरून गुलाबी खड्यांचं पोतं आणलं. सुपारीएवढे, लिंबाएवढे, खरबरीत. दळले की पांढरीशुभ्र पूड. आपलं तेलुगू राज्य संपून तमिळ मुलूख सुरू होतो तिथे, समुद्रात थोडं आत, ते तळावर पसरलेले असतात असं कळलं. तीन गावांचे कोळी त्या भागात मासे धरत. दोन गावं आपली, एक पलीकडचं.

नल्लकुंट्यात आमच्या गल्लीत एक ताई राहायच्या. जुनं सरकारी नोकरदार घराणं, आणि त्या स्वतः समुद्रातल्या वनस्पतींचा अभ्यास करायच्या. त्यांना खडा दाखवला.

"भाऊ, हा दगड नाही. शेवाळ आहे. अंगातच चुना साठवत वाढतं."

"शेवाळ हिरवं असतं, ताई."

"ते तुमच्या विहिरीतलं."

मग त्यांनी समजावलं. हा खडा नखभर वाढायला वर्षं लागतात. खड्यांच्या फटींत मासे अंडी घालतात, खेकड्यांची पिल्लं राहतात. एकदा तळ खरवडला की आपल्या हयातीत तो परत भरत नाही.

पुढचे दोन महिने त्या गोदामात येत राहिल्या. कोण विकत घेतं, लोखंडी दातांच्या जाळ्याने खडे कसे ओढतात, सगळं मी सांगितलं. दर वेळी चहा पाजला. शेवटी त्यांनी मोठी गोष्ट जमवून आणली. तिन्ही गावांचे म्हातारे कारभारी आणि दोन्ही राज्यांचे मत्स्यखात्याचे अधिकारी हैदराबादला दोन दिवस एकत्र बसणार होते. तळाला हात लावायचा नाही, असं तिन्ही गावांनी एकमेकांना तोंडी कबूल केलंच होतं. आता ते कागदावर यायचं होतं, म्हणजे दोन्ही सरकारांनी मिळून राखण केली असती. एकाने राखायचं आणि दुसऱ्याने खरवडायचं, याला अर्थ नव्हता.

मी विचारलं, "मी किती वाजता येऊ?"

"भाऊ, यादीत व्यापारी नाहीत. अधिकारी नको म्हणाले."

"दोन महिने चहा प्यायलात तेव्हा व्यापारी चालला."

"माझ्या हातात नव्हतं हो."

माझं डोकं फिरलं. जो माल घेणार त्यालाच खोलीबाहेर ठेवून मालाचा करार करतात, ही चूकच होती, असं मी आजही म्हणतो. पण पुढे मी जे केलं ते त्या चुकीच्या आड लपत नाही.

तिन्ही गावांच्या कारभाऱ्यांना काचीगुडा स्टेशनजवळच्या लॉजवर उतरवलं होतं. पहिल्या दिवशीची बैठक संपल्यावर मी एकेकाला गाठलं. एकाला पानाच्या टपरीवर, एकाला जिन्यात, आणि पलीकडच्या गावच्या म्हाताऱ्याला नळावर. तो शर्ट धूत होता. तिघांनाही तेलुगूत एकच सांगितलं. "बाकीच्या दोघांनी मला होकार दिलाय. पुढच्या महिन्यापासून खडे येणार. तुम्हीच मागे राहाल."

बेगमबाजारात या वाक्याला काडीची किंमत नाही. "बाजूवाला कमी में देरा" म्हटलं की समोरचा म्हणतो, "तो वहींच लेव ना, मियाँ," दोघे हसतात आणि मग खरा भाव सुरू होतो. मी दिवसातून दहा वेळा हे बोलायचो. कुणी खरं मानल्याचं मला आठवत नाही.

नळावरच्या म्हाताऱ्याने एवढंच विचारलं, "दोघांनीही?"

"हौ."

त्याने शर्ट पिळला. मग पुन्हा पिळला, पाणी उरलं नव्हतं तरी.

मला वाटलं होतं, तिघे एकमेकांना विचारतील, मला शिव्या घालतील, बैठकीत थोडा गोंधळ होईल, आणि अधिकाऱ्यांना कळेल की व्यापाऱ्याला वगळून चालत नाही. त्यांनी विचारलंच नाही. दोन सरकारांसमोर शेजारच्या गावाला खोटं पाडायचं, हे त्यांच्यात बसत नव्हतं. दुसऱ्या दिवशी कागद पुढे आला तेव्हा एक म्हणाला, गावाला विचारावं लागेल. बाकीचे दोघे तेच म्हणाले.

हे मला ताईंनीच सांगितलं. दारात उभ्या होत्या, हातात फाईल. "काल सगळं ठरलं होतं, भाऊ. काय बिनसलं कळत नाही."

"कोळ्यांचा काय भरवसा," मी म्हणालो. थापेपेक्षा हे वाक्य मला जास्त टोचतं.

महिन्याभरात तिन्ही गावांच्या होड्या तळ खरवडायला लागल्या. दुसऱ्याने नेण्याआधी आपण न्यावं म्हणून घाई. ट्रक माझ्याकडे आले. खड्यांच्या पोकळीत बारीक खेकडे मेलेले असायचे. गोदाम फिनाइलने धुतलं तरी वास जात नसे.

दोन वर्षांनी पलीकडच्या गावचा तोच म्हातारा गोदामात आला. पाणी दिलं, घेतलं नाही.

"सेठ, एक विचारायचंय. त्या दिवशी त्या दोघांनी खरंच होकार दिला होता?"

का कोण जाणे, खरं तोंडातून निघालं. "नाही."

तो पोत्यावर बसला. शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, शिव्यांना उत्तर देता येतं. म्हणाला, "तळाचा एक कोपरा, खडकाजवळचा, अजून शाबूत आहे. आमची गावं एकमेकांच्या लग्नालाही जात नाहीत आता. तुम्ही या. तिघांसमोर हेच सांगा. मग तो कोपरा आम्ही मिळून राखू."

"लिहून देतो, अन्ना. सही करतो."

"कागद नको."

"हा माल घेणंच बंद करतो. आजपासून."

"ते तुमचं तुम्ही बघा. मी या म्हणतोय."

तेव्हा लक्षात आलं की मी घासाघीस करतोय, आणि समोरचा एका शब्दाने खाली येत नाहीये. असं झालं की मला राग येतोच. ओरडलो, "मार खायला बोलावताय का?"

"मारणार नाही कुणी. ऐकून घेतील."

पुढच्या आठवड्यात येतो म्हणालो. रस्ता सापडणार नाही तुम्हाला, बसथांब्यावर मी उभा राहीन, असं म्हणून तो गेला.

माल घेणं मी खरंच बंद केलं. तो दुसऱ्या व्यापाऱ्याने घेतला. मी गेलो नाही. बऱ्याच दिवसांनी ताईंना सगळं सांगितलं. त्या आठवड्याभरात स्वतःच तिकडे जाऊन आल्या.

"तिघे एका ओट्यावर बसले, भाऊ. तुमची थाप मी सांगितली, त्यांनी सगळं ऐकलं. मग एकाने विचारलं, तो का नाही आला, आजारी आहे का?"

"हो म्हणायचं ना, ताई," मी म्हणालो.

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. "मी म्हटलं, बरा आहे, घरी आहे. बरा असून येत नाही, तर हे तरी खरं कशावरून, असं म्हणून तिघे उठले, आपापल्या वाटेने गेले."

खडकाजवळचा कोपरा त्याच उन्हाळ्यात खरवडला गेला.