धुवण ठेवणारी अनिता

पडदा वर जातो तेव्हा समोर दिवेच दिवे, सावलीलाही जागा नाही असे. तळेगावच्या एमआयडीसीतली छोटी प्रयोगशाळा. टेबलापाशी निळ्या कोटात जवळच्या नवलाख उंबरे गावची अनिता उभी. सकाळी भातलावणी करून आलेली. हातमोज्यांच्या आत नखांतला चिखल तसाच.

इथला खेळ मोठा लोभस. डोळ्यांना दिसणार नाहीत इतके बारीक लोखंडी कण, वर साखरेचा लेप. रक्ताच्या पाण्यात सोडले की साखरेचं लोभी प्रथिन त्यांना येऊन चिकटतं. नळीला बाहेरून लोहचुंबक लावला की कण एका बाजूला गोळा होतात. मग मिठाच्या पाण्यानं धुवून बाकीची घाण ओतून द्यायची. शेवटी साखरपाणी, म्हणजे अनिताच्या भाषेत 'पाक' घातला, की प्रथिन कणांना सोडून पाकात उतरतं. मिठाच्या पाण्याची आणि पाकाची, दोन्ही बाटल्या सारख्याच नितळ, आणि चाखून बघायची सोय नाही.

"अनिता, पहिलंच धुणं ना हे?" अरुंधती मॅडम मागून म्हणाल्या. "मग पाकाची बाटली अर्धी कशी?"

अनितानं बाटलीकडे बघितलं. मिठाच्या पाण्याऐवजी तिनं पाकानंच धुतलं होतं.

मॅडम स्टुलावर बसल्या. रागवायचंही त्राण नव्हतं. "संपलं गं, प्रथिन धुवणाबरोबर ओतलं गेलं. ज्यांचं हे रक्त, ते आजोबा गेल्या महिन्यात वारले. दुसरा नमुना कुठून आणू?"

"मॅडम... धुवण टाकलं न्हाई मी."

"काय?"

अनितानं टेबलाखालून झाकलेली बरणी काढली. "तांदळाचं धुवण आमी मोरीत वतत न्हाई. म्हशीला ठेवतो. हात तसाच जातो. तुमी मागं वरडला होता ना, हितं काय म्हैस बांधलीय का म्हणून?"

मॅडमना हसू आलं, तेही दमलेलं. प्रथिन असलं तर याच घाणीत, याच गोड पाण्यात. आधी साखर काढायची, म्हणजे प्रथिन कणांना पुन्हा चिकटेल, मग सगळं पहिल्यापासून.

"तू जा, बस सुटेल. मी करते."

बाहेर कंपनीच्या बसनं हॉर्न दिला. अनिता खिडकीशी गेली, बस फाटकाबाहेर पडेपर्यंत बघत राहिली, आणि तिनं घरी सासूला, सरुबाईंना, फोन लावला.

"आत्या, म्हशीला आज तुमीच धुवण ठिवा. हितल्या म्हशीचं आजून व्हायचंय."