काकूंचं खोटं

काल मैत्रिणीला भेटायला दवाखान्यात गेले. फिनेलचा वास नाकात शिरला आणि कॉलेजातले ते दिवस आठवले.

कागलजवळ मोटारसायकल घसरून थोरले काका जागीच गेले होते. मागे बसलेले बाबा वाचले, पण त्यांचं हृदय नाजूक होतं. एवढ्यात सांगू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

चौथ्या दिवशी बाबा शुद्धीवर आले. "दादा कुठं हाय?" त्यांनी विचारलं. तेवढ्यात काकू आत आल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या.

"शेजारच्या वॉर्डात हाईत. पाय मोडलाय," म्हणत त्यांनी बाबांना पेज भरवली.

तेव्हा मला त्या कुंकवाची भीती वाटली होती. आज मी काकूंच्या त्या वयाची आहे. ते लावताना त्यांनी आरशात कसं पाहिलं असेल, तेच मनात येतं.

घरी आल्यावर बाबांना खरं कळलं. ते काकूंवर संतापले. "वैनी, भावासाठी मला रडूबी दिलं न्हाई तुम्ही."

"भावजी, एकाला रडून झालं होतं," काकू म्हणाल्या. "दुसऱ्यासाठी रडायची ताकद न्हवती माझ्यात."

बाबा खाली बसले आणि रडू लागले. त्यांच्याशेजारी बसून काकूही रडल्या.