वाजता फोन

सोमवारी आमची शिरोली एमआयडीसीतली फौंड्री बंद असायची. तेव्हा मी घरच्या कॉम्प्युटरवरून फोन लावून ऑफिसच्या कॉम्प्युटरमधले हिशेब उरकायचो. तिथला फोन कॉम्प्युटरला जोडलेला मॉडेम आपोआप उचलायचा, पण त्याच्या आधीच आमचे वॉचमन मामा झडप घालायचे. वाजता फोन तसाच सोडणं म्हणजे दारात आलेल्याला पाणी न विचारणं, असं त्यांचं मत. मॉडेम कानात किंचाळला तरी मामा ओरडायचे, "पावणं, जरा नीट बोला की!" शेवटी मी त्यांना ताकीद दिली, "फोनला हात लावायचा नाही."

पुढच्या सोमवारी फोन नुसताच वाजत राहिला. दुसऱ्या दिवशी विक्रीकर भरायचा होता. बायकोला फोन लावत राहायला सांगून मी स्कूटर काढली. फौंड्रीत जाऊन बघतो तर लाईट जाऊन आली होती आणि कॉम्प्युटर बंदच राहिला होता. वाजणाऱ्या फोनसमोर मामा हात पाठीमागं बांधून घामाघूम उभे होते.

"सायेब, हात लावला न्हाय!"

मी फोन उचलला आणि मामांना "आमची बायको आहे" म्हणालो, तसा मामांनी रिसीव्हर माझ्या हातातून हिसकावलाच.

"माफ करा वैनी, सायबांनीच उचलू दिला न्हाय!"