मामा, फोन नदीकडं धरा

आईचा फोन आला तेव्हा मी परदेशातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात बसून आपल्या घोड नदीवर लिहीत होते. "मामा गेलं गं..." एवढंच ती म्हणाली. समोरच्या स्क्रीनवर मामांनीच दाखवलेली नदी होती. मी निमोण्याला पोचेपर्यंत दशक्रियाही उरकली होती. त्याला महिना उलटून गेला, तरी कुणी मला 'मामांची लाडकी' म्हणालं की तोंड लपवावंसं वाटतं.

आमचं गाव खुटबाव, पण शिरूरच्या कॉलेजात शिकायला म्हणून मी निमोण्याला मामांकडेच राहिले. पुढे 'इंटरनॅशनल डेव्हलपमेंट अँड एन्व्हायर्नमेंट'मध्ये एमएस्सी करायचं ठरवलं, तेव्हा घरात सगळ्यांचा विरोध आणि मामा एकटे माझ्या बाजूने. विषय काय, हे त्यांना कळलं नव्हतं. आमच्या भागात डेव्हलपमेंट म्हणजे शेतं मोडून पाडलेले प्लॉट. मार्केट यार्डात त्यांनी तोऱ्यात सांगून टाकलं, "भाची डेव्हलपमेंट शिकाया चाललीय, इंटरनॅशनल!" दुसऱ्या दिवशी दोघेजण रस्त्याला लागून असलेल्या 'रोडटच' जागेचा भाव विचारायला घरी हजर. मी हसून हसून बेजार, आणि मामा गंभीर. "मंग तू नेमकं शिकणार तरी काय?"

"आपली नदी, मामा. जलपर्णी माजलीय, त्यानं माणसांचं काय होतं ते."

"मंग त्येला इतक्या लांब कशाला जायचं?" म्हणाले, आणि तरी विमानतळावर सोडायला आले.

प्रबंधासाठी दर आठवड्याला ते फोन घेऊन नदीवर उतरायचे आणि मी तो व्हिडिओ कॉल रेकॉर्ड करायचे. सुरुवातीला त्यांचा चेहराच दिसायचा. "तुम्ही नको, मामा, फोन नदीकडं धरा," असं मी शिकवलं आणि ते शिकले. मोटारीचा पाइप जलपर्णीत कसा अडकतो, पाणी कुठे वास मारतं, सगळं दाखवायचे. पुढे पुढे बोलताना धाप लागू लागली... आणि मी काय म्हणाले? "श्वासाचा आवाज येतोय, फोन जरा लांब धरा." "व्हय, व्हय," म्हणाले, आणि लांब धरला.

त्यांचं हृदय कमजोर झालं होतं, हे मला सोडून घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मला का नाही सांगितलं, म्हणून मी मामीवर चिडले. ती शांतपणे म्हणाली, "त्यांनी शपथ घातली व्हती. पोरगी शिक्षान सोडून यील म्हणायचं. नदीवर जाऊ नका म्हणलं की माझ्यावरच वरडायचं. वाटंत बसत बसत जायचं, आन् दम खाऊन मगच तुला फोन लावायचं." तिने मला बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. नदीमुळे माणसांचं काय होतं ते शिकायला गेलेली मी, आणि नदीवर उभा असलेला माझा माणूस मला दिसला नाही.

प्रबंध अजून दिलेला नाही. मामांचा शेवटच्या महिन्यांतला चेहरा कुठेतरी सापडेल म्हणून परवा सगळी रेकॉर्डिंग्ज पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाहिली. एरवी हवं तेवढं पाणी दिसलं की मी बघणं थांबवायचे. त्या महिन्यांतला चेहरा कशातच नाही. एकाच्या शेवटी मात्र त्यांचा आवाज आहे, "झाली का नदी बघून? आता जरा मी दिसू का?"

लगेच माझा, घाईतला. "पुढच्या वेळी, मामा. आत्ता क्लास आहे."

"बरं बरं, जा तू..." असं ते म्हणतायत, आणि त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत मी फोन ठेवलेला आहे.