मोठ्या सिस्टर आणि पिवळ्या ओळी

मोठ्या सिस्टरना मोघम बोललेलं चालत नसे. एखादी आशाताई सांगू लागली, "सिस्टर, आमच्या गावात दोघीजणी आहेत. चक्कर येते, पायावर सूज हाय," की त्या हातातलं काम बाजूला ठेवत आणि विचारत, "चक्कर आणि सूज एकीलेच हाय, का एकीले चक्कर अन् दुसरीले सूज? तू 'आनि' म्हनून राह्यली का 'किंवा'?" आशाताई गोंधळायची. मग सिस्टर शांतपणे एकेकीचं नाव घेऊन पुन्हा विचारायच्या. घाई असली तरी विचारायच्या.

पुलगाव-आर्वी रस्त्यावरच्या एका आरोग्य केंद्रात मी संगणकावर माहिती भरायच्या कामाला लागले, तेव्हा त्या तिथे आरोग्य सहाय्यिका होत्या. उपकेंद्रांवरच्या साऱ्या नर्स त्यांच्या हाताखाली, म्हणून त्या मोठ्या सिस्टर. गरोदर बायांचं पत्रक माझ्याकडे असायचं. एका ओळीत एक बाई. पुढे कितवा महिना, हिमोग्लोबिन, रक्तदाब, वजन. दर आठवड्याला मी ते छापून द्यायची आणि सिस्टर चष्मा लावून पट्टी सरकवत एकेक ओळ वाचायच्या. एकदा मी त्यांना म्हटलं, "सिस्टर, हे काम संगणक करेल. धोक्याची ओळ आपोआप लाल होईल."

त्या खुर्ची ओढून शेजारी बसल्या. मी सांगितलं, आपण एक अट लिहायची. ती अट खरी ठरली तर रंग येतो, खोटी ठरली तर येत नाही.

"म्हंजे हो का नाई, एवढंच पाह्यते हे?"

"एवढंच."

"मंग सोपं हाय. पन आपल्याले बराबर इचारता आलं पाह्यजे."

पहिल्याच दिवशी ते आम्हाला बरोबर विचारता आलं नाही. हिमोग्लोबिन कमी आणि रक्तदाब जास्त, अशी अट मी 'अँड' घालून लिहिली. पत्रक जवळजवळ सगळं पांढरं राहिलं. मला वाटलं, बरं आहे. सिस्टर बराच वेळ पाहत राहिल्या. "हे खोटं हाय," त्या म्हणाल्या. "लाल व्हाले बाईले दोन्ही दुखनी पाह्यजेत काय? एकानंबी मरते मानूस." मी 'अँड' काढून 'ऑर' घातलं आणि ओळी लाल झाल्या.

मग डॉलरच्या चिन्हाची गंमत झाली. ते रकान्याच्या आधी टाकलं नाही तर पूर्ण ओळ रंगत नाही, भलतेच चौकोन रंगतात. सिस्टरनी विचारलं, "अमेरिकेचा पैसा इथं काय करून राह्यला?" मी सांगितलं, तो रकाना जागचा हलू देत नाही. त्यांनी त्याला लगेच खुंटा म्हणायला सुरुवात केली. बैल हलू नये म्हणून ठोकतात तो खुंटा. पुढे केंद्रात सगळेच तसं म्हणू लागले. नवीन अट लिहिली की त्या मागून विचारायच्या, "खुंटा ठोकला का?"

आमचे डॉक्टर साहेब तरुण होते, कामाचे होते. वर्ध्याला आढावा बैठक होती, त्याआधी त्यांनी पत्रक पाहिलं आणि कपाळाला हात लावला. ज्यांची रक्ततपासणी झालीच नव्हती, त्यांच्याही ओळी लाल होत्या. संगणक रिकामा चौकोन शून्य धरतो, आणि हिमोग्लोबिनच्या अटीत आम्ही धरलेल्या नऊपेक्षा शून्य कमीच. साहेब म्हणाले, "तपासणीच नाही तर धोका आहे असं कसं म्हणायचं? आणि एवढं लाल दिसलं तर खरं लाल कोण बघणार?" त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. चौकोन रिकामा नसेल तरच रंग दे, अशी अट मी वाढवली. ओळी पांढऱ्या झाल्या.

सिस्टर म्हणाल्या, "साहेब, पांढरं नका करू."

साहेबांनी कारण विचारलं. तेव्हा त्यांनी आर्वीकडच्या आपल्या पहिल्या उपकेंद्राची गोष्ट सांगितली. एका बाईचा रिपोर्ट यायचा होता. आज येईल, उद्या येईल म्हणून त्यांनी तिची जागा कोरी सोडली. बाळंतपणासाठी नेताना ती बाई रस्त्यातच गेली. "माह्या रजिस्टरात तिची जागा साफ होती," सिस्टर म्हणाल्या. "साफ दिसलं म्हनून कोनी थांबलंच नाई. मीबी नाई."

साहेबांनी पत्रक पुन्हा पुढे ओढलं. मग त्यांनीच मार्ग काढला. "लाल नको, पांढरंही नको. माहीत नाही त्याला पिवळं करू. आणि पिवळ्याची अट सगळ्यांत वर ठेवा, म्हणजे तीच आधी लागेल."

"पिवळं चालन," सिस्टर म्हणाल्या.

त्या पिवळ्या ओळींमध्ये एक मंदा होती. नोंद सासरच्या गावची, राहत होती पुलगावजवळ माहेरी. सासरची आशाताई म्हणे, तपासणी माहेरी झाली असेल. माहेरची म्हणे, सासरी झाली असेल. सिस्टर मला म्हणाल्या, "चाल, पाहून येऊ," आणि आम्ही त्यांच्या स्कूटीवर निघालो.

मंदाच्या माहेरी भाजीपाल्याची शेती. अंगणात मेथीचा ढीग पडलेला, आणि मायलेकी जुड्या बांधत बसलेल्या. सिस्टरना पाहून मंदा म्हणाली, "मले काई नाई होऊन राह्यलं, बाई. डोकंच दुखते थोडं." तिचे पाय घोट्यापासून सुजले होते, बोटातली अंगठी रुतली होती. सिस्टरनी रक्तदाब घेतला. पट्टा सोडला आणि पुन्हा घेतला. मग उठून बाजूला जाऊन त्यांनी रुग्णवाहिकेला फोन लावला आणि येऊन सांगितलं, हिला आजच वर्ध्याला न्यायचंय.

"आज नाई जमत," मंदाची आई म्हणाली. "उद्या बाजार हाय. परवा नेतो तिले."

मला वाटलं, सिस्टर आता रागावतील. त्यांनी पदर खोचला, मंदाला सावलीत डाव्या कुशीवर निजवलं आणि स्वतः तिच्या जागेवर बसून जुड्या बांधायला घेतल्या. मलाही बसवलं. "गाडी येईपर्यंत जेवढं होईन तेवढं करू, माय," त्या म्हणाल्या. "बाकीचं तुमचा पोरगा करन. पन पोरीसंग तुम्ही चाला. तिले आज आई पाह्यजे." आईनं हातातली जुडी बांधून पूर्ण केली. थोड्या वेळाने उठली आणि आत जाऊन लुगडं बदलून आली.

वर्ध्याच्या दवाखान्यात त्याच संध्याकाळी मंदाचं सिझर झालं. मुलगी फार लहान होती, काही दिवस काचेच्या पेटीत ठेवावी लागली. दोघी वाचल्या. दुसऱ्या दिवशी सिस्टरनी मला मंदाचे आकडे सांगितले, मी भरले, आणि ओळ पिवळ्याची लाल झाली. सिस्टरनी ती पाहिली आणि पुढच्या पिवळ्या ओळीवर बोट ठेवलं. "आता हे कोन हाय?"

त्या निवृत्त होऊन वर्ध्याला लागून असलेल्या बोरगाव मेघेला मुलाकडे राहायला गेल्या. पुढे कानावर आलं की त्यांना विसर पडायला लागला आहे. माझं लग्न झालं होतं. मला पाचवा महिना सुरू असताना मी त्यांना भेटायला गेले.

सून म्हणाली, "सकाळपासून बऱ्या आहेत." सिस्टर खिडकीपाशी बसल्या होत्या. मला पाहून त्यांनी हात जोडले. "या, बसा." इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मी नाव सांगितलं, केंद्राचं सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या, जशी परक्या माणसासमोर हलवतात.

मग त्यांची नजर माझ्या पोटाकडे गेली. त्या उठल्या, माझी हनुवटी धरून तोंड खिडकीकडे वळवलं आणि अंगठ्यानं डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. अंगठा जरासाही थरथरला नाही.

"फिकं हाय," त्या म्हणाल्या. "रक्त तपासलं काय?"

"या महिन्यात राहिलंय."

"गावात सिस्टर कोन हाय तुमच्या?"

"होत्या एक," मी म्हटलं. "रिटायर झाल्या."

"मंग दुसरीकडं जाजो. आजच जाजो, बाई."

मी त्यांच्या पाया पडले आणि निघाले. बोरगावच्या रस्त्यावर पहिली लॅब दिसली तिथे रक्त दिलं. रिपोर्ट संध्याकाळी मिळणार होता; तोवर माझा चौकोन रिकामाच. माझं घर तिथून जवळ होतं, पण मी गेले नाही. तिथल्याच बाकावर बसून राहिले.