घोंगडीवरची बैठक

परवा शेजारणीनं धुतलेली घोंगडी कठड्यावर वाळत टाकली आणि त्या ओल्या, उग्र लोकरीच्या वासानं मला थेट म्हसवडच्या माळावर नेलं.

चाळीसच्या दशकातली गोष्ट. ह्यांनी नुकतीच फौजदारकी सोडली होती. इस्लामपूरचं सरकारी घर, पुढची पेन्शन, सगळ्यावर पाणी सोडून येशूची वार्ता सांगायला आम्ही माणदेशात आलो होतो. पहिल्याच दिवशी धनगरांच्या पालावर गेलो. फौजदार आला की गावोगाव पाटलाकडून खुर्ची यायची. इथला म्हातारा धनगर ओशाळून म्हणाला, "सायेब, आमच्यात खुर्ची न्हाई." त्यानं घोंगडी अंथरली. हे मांडी घालून बसले आणि आपण आता फौजदार नसल्याचं सांगितलं.

"नोकरी गेली व्हय?"

"गेली न्हाई बाबा, सोडली."

"आन् आता?"

"तुमचंच काम. मेंढक्याचं. फकस्त माणसं राखायची."

म्हाताऱ्यानं ह्यांच्या चकचकीत बुटांकडे पाहिलं आणि आपली काठी पुढं केली. "मेंढका म्हनवताय, तर बसून कसं भागंल? उठा. वढ्यापल्याड कोकरू ऱ्हायलंय."

माझा संताप झाला. फौजदाराला कोकरं हुडकायला लावतो! हे मात्र हसत उठले. दिवस कलता कलता परतले ते कोकरू खांद्यावर घेऊन, बाभळीच्या काट्यांनी सदरा फाटलेला. म्हाताऱ्यानं कोकरू उतरवून घेतलं. काठी मात्र परत मागितली नाही.

तेव्हा मला तो अपमान वाटला होता. ती ह्यांची नेमणूक होती.