एकट्या किड्याचा आवाज

कानाला हेडफोन, हातात बांबूच्या टोकाला बांधलेला माईक, आणि समोर कुऱ्हाडी चाललेल्या. मी टेप थांबवली आणि कर्णिकबाईंकडे बघितलं.

साठ-बासष्टच्या सुमाराची गोष्ट. मी साऊंड रेकॉर्डिस्ट. बाई कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. मालवणच्या आतल्या बाजूला ओढ्याकाठी एक राई होती, तिथल्या सिकाडावर त्यांचं काम चाललं होतं. सिकाडा म्हणजे झाडाला चिकटून भरदिवसा किरकिरणारा किडा. आपण त्यालाही रातकिडाच म्हणतो. त्याची पिल्लं कित्येक वर्षं मातीत मुळांचा रस पिऊन राहतात, मग पावसाआधी वर येऊन खोडावर कात टाकतात. दोन जाती दिसायला सारख्या, फरक फक्त आवाजात. त्यामुळे बाईंना एकाच किड्याचा स्वच्छ आवाज हवा होता.

राई मात्र लाकडासाठी विकली गेली होती. बाईंनी मुकादम भिकाजींना विनंती केली. ते जरा घुटमळले.

"अर्दो तास थांबतंय. मगे माका बोल लावू नकात."

कुऱ्हाडी थांबल्या. आधी एक किडा बोलला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळी राई त्या एका सुरात बुडाली. जांभळीच्या पानांतून ऊन हिरवं होऊन खाली उतरत होतं. झाडं, ओढा, माझे हात, सगळंच त्या आवाजाचं बनलंय असं वाटायला लागलं. आवाजाच्या मीटरकडे बघायचं मी विसरलो. एकटा आवाज काही मिळाला नाही. सगळे एकमेकांत मिसळलेले.

भिकाजींनी हेडफोन मागून घेतले. डोळे मिटून बराच वेळ ऐकलं.

"आता ह्येंनी रवाचा खंय?" या किड्यांनी आता राहायचं कुठे, असं त्यांनी बाईंना विचारलं.

भिकाजींनी हेडफोन परत केले आणि माणसांना हाक मारली.

पुढच्या मे महिन्यात आम्ही पुन्हा गेलो. उन्हात नुसते बुंधे उभे होते. एका बुंध्यावर रिकामी कात चिकटलेली, आणि शेजारच्या बुंध्यावरून एकच नर ओरडत होता. थांबायचा, पुन्हा ओरडायचा. मी माईक अगदी जवळ नेला.

बाईंनी ती टेप दोनदा ऐकली. "हेच हवं होतं," म्हणाल्या, आणि ओढ्याकडे तोंड करून बसल्या.

माझ्या सगळ्या नोकरीतलं ते सर्वांत स्वच्छ रेकॉर्डिंग. तेव्हापासून आवाज फार स्वच्छ आला की मी आधी हेडफोन काढतो आणि आजूबाजूला काय उरलंय ते बघतो.